मर्दानगीची बाटली आणि कोरडवाहूची भाकर



कापसाचे चुकारे हातात पडले की गावात तीन जण हटकून येतात. पहिला सोसायटीचा वसुलीवाला. दुसरा मोटारसायकलच्या एजन्सीचा पोऱ्या. तिसरा बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला तंबू ठोकणारा 'शक्ती'वाला. पहिल्या दोघांबद्दल आपण सभेत उघड बोलतो, घोषणा देतो, प्रसंगी त्यांना अडवतो. तिसऱ्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. त्याने लुबाडलेला माणूस तक्रार तरी कुठे करणार? बोगस बियाणे निघाले तर पंचनामा मागता येतो. बोगस मर्दानगी निघाली तर गडी घरात तोंड लपवून बसतो. या धंद्याचे खरे भांडवल जडीबुटीत नसून आपल्या लाजेत आहे.

आता तर हा तिसरा माणूस तंबूपुरता उरला नाही. एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर तो आहे आणि पोराच्या खिशातल्या मोबाईलवरही आहे. त्याची भाषाही बदलली. पूर्वी तो हिमालयातल्या मुळ्यांची नावे घ्यायचा. आता तो झिंक म्हणतो, सेलेनियम म्हणतो, मॅग्नेशियम म्हणतो. तो सांगतो, "युरियाने तुमची माती मेली. फळात, भाजीत खनिजे उरली नाहीत. म्हणून गडी थंड पडले, म्हणून पाळणा हलत नाही. घ्या ही बाटली."

हे सांगणे ऐकायला शेतकऱ्याच्या बाजूचे वाटते, म्हणूनच ते जास्त घातक आहे. त्यात चार आणे खरे आहे आणि बारा आणे खोटे. चार आण्याच्या खऱ्यावर तो बारा आण्याचे खोटे खपवतो. ही भेसळ निवडून दाखवण्यासाठी आम्ही हे पान लिहिले आहे.

हा अंक घरात मायबहिणी वाचतात, मग असा विषय कसा छापायचा, असे काही जण म्हणतील. आमचे उत्तर असे की या लाजेची सगळ्यात मोठी किंमत त्याच मोजतात. शिवाय महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मरेपर्यंत ते चालवले. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. शहरातल्या सुशिक्षितांनी तेव्हा तोंडे फिरवली. आपण तरी फिरवू नये.

चार आणे खरे

आधी खरे काय ते पाहू. १९५८ साली मूळचे बिहारचे डॉक्टर आनंद प्रसाद इराणमधल्या शिराझ शहरात काम करत होते. तिथे त्यांच्यापुढे २१ वर्षांचा एक तरुण आला. दिसायला जेमतेम दहा वर्षांचा. दाढी-मिशी नाही, जननेंद्रिये लहान मुलासारखी, अंगात रक्त नाही. तो काय खात होता? बिनआंबवलेली गव्हाची रोटी, मांस जवळपास नाही, आणि सवयीने माती. असे आणखी रुग्ण त्या भागात निघाले. १९६१ साली डॉ. प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही माहिती प्रसिद्ध केली. पुढे इजिप्तमधल्या खेड्यांत तशाच तरुणांची तपासणी झाली आणि १९६३ पर्यंत कारण हाती आले. त्यांच्या अंगात जस्त, म्हणजे आपण ज्याला झिंक म्हणतो ते कमी होते. जस्त दिल्यावर पोरांची उंची वाढली आणि ती वयात आली. तोवर माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते हेच मोठमोठ्या डॉक्टरांना मान्य नव्हते. अमेरिकेने रोजच्या आहारात जस्त किती हवे याचे प्रमाण ठरवले ते १९७४ साली.

ती पोरे रोटी तर पोटभर खात होती, आणि त्या गव्हात जस्त होते. मग ते अंगी का लागले नाही? धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा घटक असतो. तो जस्ताला आणि लोहाला पोटात जखडून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. पोट भरते, पण अंगी लागत नाही.

कोरडवाहू शेतकऱ्याने ही गोष्ट कान देऊन ऐकावी. नुसती रोटी खाणारा तो इराणी पोरगा आणि नुसती भाकर-ठेचा खाणारा आपला पोरगा यांच्यात अंतर आहे, पण फार नाही. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे २ मिलिग्रॅम जस्त असते. दिवसाला ४०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाणाऱ्या गड्याला त्यातून ८ मिलिग्रॅम मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली पुरुषासाठी रोजचे प्रमाण १७ मिलिग्रॅम ठरवले. म्हणजे नुसत्या भाकरीवर अर्धीही गरज भागत नाही. वाढत्या वयाच्या पोराला ही तूट जास्त जाचते.

जस्त कमी झाले तर पुरुषपणावर परिणाम होतो हेही खरे. डॉ. प्रसाद यांनीच १९९६ साली दाखवले की तरुण पुरुषांच्या जेवणातले जस्त काही महिने मुद्दाम कमी केले तर त्यांच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषपणाचे संप्रेरक, घसरते. एवढे चार आणे खरे. आता बारा आणे बघा.

भाजीत जस्त होतेच कुठे?

बाटलीवाला म्हणतो, भाजीतले आणि फळातले जस्त गेले. आम्ही विचारतो, ते कधी होते? १०० ग्रॅम केळीत जस्त असते साधारण ०.१५ मिलिग्रॅम. टोमॅटोत आणि कांद्यात तेवढेच. पालकात आणि भेंडीत अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या आजोबांच्या वाडग्यातली भाजी शेणखतावर वाढली होती, तरी ती जस्ताची खाण नव्हती. १७ मिलिग्रॅम जस्त केळीतून घ्यायचे ठरवले तर दिवसाला अकरा-बारा किलो केळी खावी लागतील!

जस्त आहे कशात? तिळात १०० ग्रॅमला सात मिलिग्रॅमच्या वर. हरभऱ्याच्या डाळीत साडेतीनच्या आसपास. शेंगदाण्यात तीनच्या वर. बाजरीत ज्वारीपेक्षा जास्त. मटणात भरपूर, आणि तेही अंगी लवकर लागणारे. अंड्यात थोडे, पण चांगल्या प्रतीचे. लाल भोपळ्याच्या ज्या बिया आपण उकिरड्यावर फेकतो त्यांत तिळाइतके. यातली कोणती वस्तू बाटलीवाल्याच्या बापाची आहे? तीळ, हरभरा, तूर, भुईमूग पिकवतो कोण?

मग फळे आणि भाज्या कुचकामी आहेत का? मुळीच नाहीत, त्यांचे काम वेगळे आहे. पालेभाजी, शेवगा, टोमॅटो, केळी यांतून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम मिळते. त्याने रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते. पेरू, आवळा, लिंबू यांतल्या क जीवनसत्त्वाने डाळ-भाकरीतले लोह अंगी लागते. लिंगाची ताठरता हा मुळात रक्तपुरवठ्याचा मामला आहे. शिरा ठीक तर पुरुषपण ठीक. नळी चोंदली की ठिबकचे पाणी झाडापर्यंत जात नाही, तसेच हे आहे. फळे-भाज्या नळी साफ ठेवायला हातभार लावतात. त्या खाऊन रात्रीत घोडा होतो असे सांगणारा माणूस एकतर मूर्ख आहे नाहीतर लबाड.

झिंक सल्फेटचा न्याय

आता बाटलीतल्या जस्ताचे. शेतकऱ्याला ही गोष्ट डॉक्टरपेक्षा लवकर कळेल. माती तपासली आणि जस्त कमी निघाले, तर झिंक सल्फेट टाकल्याने पिकात फरक दिसतो. जस्त पुरेसे असेल आणि तरी पोती ओतली, तर पीक वाढत नाही, फक्त दुकानदाराची उधारी वाढते. माणसाच्या अंगालाही हाच न्याय.

अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०२० च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. मूल होत नाही म्हणून दवाखान्यात आलेल्या जोडप्यांतल्या २,३७० पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम जस्त आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल दिले. दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. औषधवाल्या गटात ३४ टक्के जोडप्यांना मूल झाले, बिनऔषधाच्या गटात ३५ टक्के! वीर्याच्या तपासणीतही सांगण्याजोगा फरक नाही. ज्यांचे खाणे-पिणे बरे आहे त्यांना जस्ताच्या गोळ्यांनी बाप करता येत नाही, हा त्याचा अर्थ.

उलट, महिनोन्महिने जास्त जस्त पोटात गेले तर अंगातले तांबे कमी होते, रक्त कमी होते, हातापायांच्या नसा बधिर होऊ शकतात. कमतरता भरून काढणे वेगळे आणि ओतत राहणे वेगळे. पहिले डॉक्टरचे काम, दुसरे दुकानदाराचे.

पण बाटलीवाल्याचे गिऱ्हाईक कधी कधी म्हणते, "मला तर फरक पडला." पडू शकतो, भाऊ. 'शुद्ध आयुर्वेदिक' छाप लावून विकलेल्या शक्तीच्या औषधांत सिल्डेनाफिल नावाचे इंग्रजी औषध चोरून मिसळलेले अनेक देशांत वारंवार पकडले गेले आहे. डॉक्टर हे औषध हृदय तपासून, प्रमाण ठरवून देतो. छातीत दुखते म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्या माणसाने नकळत ते घेतले तर रक्तदाब एकदम कोसळतो आणि माणूस जाग्यावर मरू शकतो. दुसरी भेसळ धातूंची. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली. त्यांतल्या सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. शिसे तर पुरुषाचे बीजच बिघडवते. म्हणजे बी उगवावे म्हणून पैसे मोजायचे आणि त्याच बियाण्यावर विष चोळायचे!

वीर्य गळाल्याने माणूस खंगतो, ही तर या धंद्याची जुनी कामधेनू. रक्ताच्या इतक्या थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो, हे ऐकत आपली पोरे वाढतात. या भीतीपोटी येणाऱ्या आजाराला डॉ. विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. त्यात धात जाण्यापेक्षा भीतीच माणसाला खाते. वीर्यात जस्त असते हे खरे, पण एका वेळी जाते ते साधारण एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी. डाळ-भाकरीच्या एका जेवणाने त्याची भरपाई होते. झोपेत वीर्य जाणे हा वयाचा धर्म आहे, रोग नव्हे.

आपल्या कापसाने आपल्याला काय दिले?

बाटलीवाला ज्याबद्दल कधीच बोलत नाही ते आता आम्ही बोलतो, कारण त्यावर त्याच्याकडे विकायला काही नाही.

पहिली गोष्ट सरकीची. १९५० च्या दशकात चीनच्या कापूस पिकवणाऱ्या काही खेड्यांत पाळणे हलायचे थांबले. शोध घेतला तेव्हा कळले की लोक सरकीचे कच्चे तेल खाऊ लागले होते. सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो. तो पुरुषाचे शुक्रजंतू मारतो. पुढे १९७० च्या दशकात चिनी डॉक्टरांनी याच गॉसिपॉलची गोळी पुरुषांची संततिनियमनाची गोळी म्हणून आठ हजारांवर पुरुषांवर वापरून पाहिली. शुक्रजंतू कमी झाले, पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम घसरून अंगातले बळ गेले आणि काहींचे शुक्रजंतू गोळी बंद केल्यावरही परत आले नाहीत. तो नाद सोडावा लागला. आपल्याकडे बाजारात मिळणारे रिफाइंड सरकी तेल शुद्ध करताना गॉसिपॉल काढले जाते, त्याला घाबरायचे कारण नाही. पण घाणीवरचे काळपट, कच्चे सरकी तेल स्वस्त मिळाले म्हणून स्वयंपाकात घालू नका.

दुसरी गोष्ट औषधाची. १९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप गावच्या कारखान्यात डीबीसीपी नावाचे सूत्रकृमिनाशक तयार होत होते. कामगार जेवणाच्या सुटीत आपसात बोलू लागले की आपल्यापैकी कोणालाच पोर का होत नाही? त्यांनी लाज गुंडाळून वीर्य तपासून घेतले. कित्येकांत शुक्रजंतू अगदी कमी, काहींत एकही नाही! १९७९ साली अमेरिकेने आपल्या भूमीवर त्याचा बहुतेक वापर बंद केला. पण मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत ते वापरले गेलेच. तिथले हजारो मजूर निपुत्रिक झाले आणि नुकसानभरपाईसाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. श्रीमंतांच्या ताटात पौष्टिक फळ गेले आणि ते पिकवणाऱ्याच्या घरचा पाळणा गेला. याला म्हणतात फळांचा आणि पुरुषपणाचा खरा संबंध.

तिसरी गोष्ट आपल्या देशातली. केरळात कासारगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान फवारले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या शाळकरी मुलांची तपासणी केली. २००३ साली त्यांनी प्रसिद्ध केले की त्या गावची मुले वयात यायला उशीर होतो आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली एन्डोसल्फानवर बंदी आणली. तोवर हेच औषध आपण बोंडअळीवर किती वर्षे मारले ते ज्याने त्याने आठवावे.

चौथी गोष्ट सांगायची गरज नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. मेले त्यांची मोजदाद झाली. पण जे जगले, जे दरसाल उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून डोक्याएवढ्या पऱ्हाटीत पंप मारतात, त्यांच्या बीजाचे काय? ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांचा शुक्रजंतूंवर वाईट परिणाम होत असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. फवारणी करणाऱ्या आपल्या गड्यांची ही तपासणी गावोगाव का होत नाही? पीक वाचले का हे बघायला दहा माणसे येतात. पंप मारणारा बाप होऊ शकतो का हे बघायला एकही येत नाही.

दोष सुनेच्या माथी

मूल होत नसले की आपल्या घरात पहिले बोट कोणाकडे जाते? सुनेकडे. तिचे उपास, तिचे नवस, तिच्या अंगावर अंगारा, तिची सोनोग्राफी. आणि दोन-चार वर्षांनी दुसरी बायको करायची कुजबुज. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा बाईकडच्या कारणासोबत असते. असे असून पुरुषाची तपासणी सगळ्यात शेवटी होते, किंवा होतच नाही. बाईच्या तपासण्या महागड्या आणि त्रासाच्या. पुरुषाची पहिली तपासणी अगदी साधी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता डबीत वीर्य द्यायचे, एवढेच. त्यात कापाकापी नाही, सुई नाही. तरी गडी म्हणतो, "माझ्यात काय खोट आहे?" उगवण कमी निघाली तर आपण आधी बियाणे तपासतो की जमिनीला शिव्या देतो?

ताठरता असणे आणि बीज चांगले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात घ्या. संबंध नीट येतो म्हणजे शुक्रजंतू आहेतच असे नाही. आणि शुक्रजंतू कमी निघाले म्हणजे तो मर्द नाही असेही नाही. एका तपासणीवर निकालही देऊ नये. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. ताप येऊन गेला असेल, फवारणीचा हंगाम नुकताच झाला असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

ताठरता कमी झाली असेल तर बाटलीकडे धावण्याआधी रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासा. मधुमेहाने नसा आणि शिरा दोन्ही खराब होतात, आणि तो आता शहरापुरता राहिलेला नाही. खर्रा, बिडी, तंबाखू शिरा आवळतात. दारू आधी धीट करते आणि मग निकामी करते. कित्येकांना हृदयाच्या दुखण्याची पहिली वर्दी इथूनच मिळते. ती वर्दी बाटलीने झाकली तर पुढे झटक्याला दार उघडे. आणि ज्याला सावकाराच्या तगाद्याने रात्री झोप नाही, त्याचे अंग बायकोजवळ साथ देत नसेल तर त्याला कमजोरी म्हणायचे की कर्ज? मन कातावले की शरीर ऐकत नाही. हा रोग नाही, आणि त्याला औषध बाटलीत नाही.

पिकवतो तूर, खातो ठेचा

शेवटी मुद्दा तिथेच येतो, जिथे या पानावरचे सगळे मुद्दे येतात. तूर आपली, हरभरा आपला, तीळ आपला, भुईमूग आपला. मग आपल्याच ताटात ते का नाहीत? कारण देणी भागवायला डाळ खळ्यावरूनच बाजारात जाते. कोंबडीची अंडी हप्त्याच्या बाजारात जातात. दूध डेअरीत जाते. घरात उरते ती भाकर आणि मिरची. दर मिळत नाही म्हणून जास्त विकावे लागते, आणि जास्त विकावे लागते म्हणून ताट रिकामे राहते. या ताटाकडे बघून शहाणे लोक आपल्याला 'समतोल आहार' शिकवायला येतात!

मातीचीही तीच कथा. १९६६ साली पंतनगरच्या डॉ. नेने यांनी दाखवले की तराईतल्या भाताचा खैरा रोग जस्ताच्या कमतरतेने होतो. तेव्हापासून देशाला माहीत आहे की आपल्या जमिनी जस्ताला भुकेल्या आहेत. देशभरातल्या माती नमुन्यांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नमुन्यांत जस्त कमी निघते. चुनखडीच्या काळ्या जमिनीत असलेले जस्तही पिकाला लवकर मिळत नाही. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेत जस्ताचा रकाना आहे. पण किती जणांच्या शेतातली माती खरोखर तपासली आणि किती जणांना कार्ड नुसते घरपोच आले, हे बैठकीत हात वर करून मोजू. तपासणी नाही, पण युरियाच्या पोत्यासोबत 'सूक्ष्म अन्नद्रव्या'चा डबा मात्र गळ्यात मारला जातो. शेताला झिंकचा डबा आणि शेतकऱ्याला झिंकची बाटली, दोन्ही न तपासता विकायची हीच रीत.

आणि जी खरी 'शक्ती' आहे तिची जाहिरात कोणी करत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत २०१८ साली ज्वारीचा एक वाण दिला, त्याचे नावच 'परभणी शक्ती'. त्याच्या किलोभर दाण्यात लोह ४५ मिलिग्रॅम आणि जस्त ३२ मिलिग्रॅम. साध्या ज्वारीत जस्त असते २० च्या आसपास. रोजच्या भाकरीतून दीडपट जस्त, तेही बाटलीशिवाय. पण ज्वारीला दर नाही म्हणून खरिपात तिची जागा सोयाबीनने घेतली, आणि रेशनच्या दुकानात आपल्याला प्रामुख्याने गहू-तांदूळ मिळतो. ज्वारी पिकवणाऱ्याने ज्वारी सोडायची आणि मग पौष्टिक म्हणून शहरातल्या मॉलमध्ये ती पाकिटात बघायची!

घरात काय करायचे

हे करायला सरकारची वाट बघायची गरज नाही.

डाळ-दाण्याचा पहिला वाटा घरच्या कणगीत, मग बाजारात. रोज मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, चमचा-दोन चमचे तिळाची चटणी, आणि चालत असेल तर अंडे.

मटकी, मूग, हरभरा भिजवून मोड आणून खा. मोड आल्याने फायटेट कमी होते. ज्वारीचे पीठ आंबवून केलेली आंबील ही गरिबाची पेज म्हणून हिणवू नका. आंबवल्यानेही तेच काम होते. मात्र ज्वारीला मोड आणून खाऊ नका. कोवळी ज्वारी खाऊन जनावर का दगावते हे आपल्याला माहीत आहे, तेच विष तिच्या कोंबात असते.

जेवताना लिंबू, आवळा, पेरू. लागलीच वर चहा नको, चहाने लोह वाया जाते.

माती तपासून जस्त कमी निघाले तरच झिंक सल्फेट. हेक्टरी २५ किलो, म्हणजे एकरी १० किलो, दोन-तीन वर्षांतून एकदा.

फवारणी सकाळच्या थंड वेळी, वाऱ्याकडे पाठ करून, पूर्ण कपडे आणि हातमोजे घालून. गळका पंप पाठीवर घेऊ नका. दोन-तीन औषधांचे घरगुती मिश्रण नको. घरी आल्याबरोबर साबणाने अंघोळ, आणि ते कपडे वेगळे धुवा. धुणारी घरची बाई असेल तर तिच्याही हातात मोजे हवेत.

बैठकीसाठी ठराव

जिल्हा बैठकीत पुढील ठराव मांडावेत, असे आम्ही सुचवतो.

एक. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एसटी स्टँडच्या भिंतीपासून आठवडी बाजारापर्यंत हा कायदा लागू करावा.

दोन. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पुरुषाची वीर्य तपासणी मोफत व्हावी, आणि मूल नसलेल्या जोडप्यात नवऱ्याची तपासणी आधी व्हावी.

तीन. फवारणी करणाऱ्या शेतकऱ्या-मजुरांची हंगामाआधी आणि हंगामानंतर रक्ततपासणी व्हावी. संरक्षक कपडे औषधाच्या किमतीतच मिळावेत.

चार. 'परभणी शक्ती'चे बियाणे तालुक्याला मिळावे, ज्वारीची हमीभावाने खरेदी व्हावी आणि ती रेशनवर यावी.

पाच. माती न तपासता खतासोबत सूक्ष्म अन्नद्रव्ये गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराचा परवाना रद्द व्हावा.

आणि एक काम ठरावाशिवायचे. येत्या बाजाराच्या दिवशी दहा-बारा जणांनी मिळून त्या तंबूत जावे. मारहाण नको, शिवीगाळ नको. बियाण्याच्या दुकानात विचारतो तेच शांतपणे विचारावे : बाटलीत काय आहे ते लिहून दे, परवाना नंबर दाखव, आणि पक्के बिल फाड. आमची खात्री आहे, दुसऱ्या बाजाराला तंबू त्या जागी दिसणार नाही.